सरहद्दीचे निर्वासित, हिंगोली (१९४७–४८)

रझाकारांच्या, म्हणजे निझामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, छळामुळे घरदार सोडून वऱ्हाडात आसऱ्याला गेलेले, आजच्या हिंगोली जिल्ह्याच्या सीमाभागातील लोक. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. १९४७–४८ मध्ये हा मुलूख निझामाच्या हैदराबाद संस्थानात, लोकांच्या तोंडी ‘मोगलाईत’ होता. कळमनुरीच्या अंगाने पैनगंगा ओलांडली की उमरखेड, म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ पासून स्वतंत्र भारत. नदीच्या अलीकडे मात्र निझाम भारतात विलीन व्हायला तयार नव्हता.

मुस्कटदाबी जुनीच होती. कारभार उर्दूत चाले, सभेसाठी ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकान्वये परवानगी लागे. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने घेतले. आसऱ्यासाठी वऱ्हाड-नागपूरकडे पाहण्याची वाट तेव्हाच पडली. १९४७ नंतर कासिम रझवीच्या रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली, आणि कुटुंबेच्या कुटुंबे रातोरात निघाली.

पलीकडे बोली तीच, सोयरेधायरेही होते. पैसा तेवढा परका. पदरी बांधून आणलेले ७ हाली (निझामी) रुपये मोजले तर हातात ६ कलदार (भारतीय रुपये) पडत. इथे नदीकाठच्या माणसाला समोर आपलेच शिवार दिसे, पण पेरायला जाता येत नसे.

उमरखेडला हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सरहद्द कॅम्प होता. असे कॅम्प म्हणजे केवळ छावण्या नव्हेत. तिथले कार्यकर्ते हद्दीत शिरून करोडगिरी (जकात) नाके आणि पटवाऱ्यांची दप्तरे जाळत, रझाकारांशी लढत. या लढ्यातील हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचे नाव वसमतच्या महाविद्यालयाला दिले आहे.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या भारतीय सैन्याच्या पोलीस ॲक्शनने संस्थान संपले आणि हे लोक परतले. १७ सप्टेंबर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. पण नोंद इथे थांबवणे अन्यायाचे होईल. त्यानंतर संस्थानात अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान मारले गेले, लुटले गेले. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत शेजारचा नांदेडही सांगितला. हा अहवाल कित्येक दशके सरकारी दप्तरात पडून राहिला.