उभ्या लघुचित्रफितींचे सांघिक संपादन

मोबाइल उभा धरून पाहावयाच्या छोट्या चित्रफिती अनेकांनी मिळून तयार करताना चित्रणापासून प्रकाशनापर्यंत पाळावयाच्या ठरावीक क्रमास व नियमांस सांघिक संपादनपद्धती म्हणता येते. या चित्रफिती 'रील' किंवा 'शॉर्ट' या नावांनी ओळखल्या जातात.

पार्श्वभूमी

भारत सरकारने २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. त्यानंतर जुलैत इन्स्टाग्राम रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्स भारतात उपलब्ध झाले. शॉर्ट्सची मर्यादा पूर्वी ६० सेकंदांची होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती तीन मिनिटांपर्यंत वाढली. नियमितपणे चित्रफिती द्यावयाच्या असल्यास एकट्याने सर्व कामे करणे अवघड जाते. कामाची वाटणी झाली की प्रत्येकाची सवय चित्रफितीत उमटू लागते, म्हणून नियम लागतात.

चित्रण आणि साठवण

चौकटीचे प्रमाण ९:१६, म्हणजे सामान्यतः १०८० बाय १९२० पिक्सेल असते. पडद्याच्या खालच्या व उजव्या कडेवर ॲपची बटणे आणि मजकूर येत असल्याने तेथे चेहरा किंवा अक्षरे ठेवत नाहीत. अनेक मोबाइल दर सेकंदाच्या चौकटींची संख्या चित्रणाच्या ओघात बदलतात. त्यामुळे पुढे ओठांची हालचाल आणि आवाज यांचा मेळ सुटू शकतो. यावर उपाय म्हणून संपादनापूर्वी ती संख्या स्थिर करून घेतात. संचिकेच्या नावात दिनांक, विषय व आवृत्तिक्रमांक असावा. 'अंतिम' हे नाव टाळणेच बरे, कारण त्यामागून 'अंतिम-२' येतेच.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा यांसारख्या गावातील हौशी गटाला आणखी एक अडचण येऊ शकते. बीडमधून दरवर्षी मोठ्या संख्येने मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. चित्रण करणारा फडावर आणि संपादक गावी असेल, तर संचिका दुरून पाठवावी लागते. व्हॉट्सॲपवरून नेहमीप्रमाणे पाठवलेली चित्रफीत आकुंचित होऊन अस्पष्ट दिसते. तीच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवल्यास मूळ दर्जा टिकतो.

अक्षरपट्टी

अनेक प्रेक्षक आवाज बंद ठेवून पाहत असल्याने संवादांची अक्षरपट्टी आवश्यक ठरते. मराठीत सर्वाधिक चुका येथेच होतात. देवनागरीची जुळणी नीट न करणाऱ्या संगणकप्रणालीत जोडाक्षरे फुटतात व ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूस जाते. युनिकोडपूर्व टंकांतील मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर वाचताच येत नाही. यासाठी संपूर्ण गटाने 'मुक्त'सारखा एकच युनिकोड टंक वापरणे सोयीचे. टंकात हिंदी वळणाचे ल आणि श येत असतील, तर मराठी वळणाचा पाकळीयुक्त ल व देठयुक्त श मिळतो का, हेही आधी पाहावे.

शुद्धलेखनासाठी नवा नियम करण्याचे कारण नाही. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते एकूण १८ झाले. तेच पुरेसे आहेत. मात्र ते निवेदनाला लागू करावेत, पात्राच्या बोलीला नव्हे. मराठवाड्यातील म्हातारी 'कामून आला व्हता?' असे विचारत असेल, तर अक्षरपट्टीत 'का आला होता?' लिहिणे ही दुरुस्ती नसून विपर्यास आहे. कानावर एक आणि डोळ्यांपुढे दुसरे आल्याने प्रेक्षकही अडखळतो. 'व्हता' लिहावयाचे की 'व्हत्ता', 'न्हाई' की 'नाय', यांची छोटी शब्दयादी गटाने ठेवावी आणि बोलणाऱ्या माणसाच्या उच्चारावरून ती ठरवावी.

तपासणी

तपासणारा हा संपादकाहून वेगळा असावा, कारण स्वतःची चूक स्वतःस सहसा दिसत नाही. तो चित्रफीत साध्या मोबाइलवर एकदा आवाजाविना व एकदा आवाजासह पाहतो. बदल 'थोडे लहान करा' असे न सुचवता नेमका सेकंद देऊन लिहितो. संगीताची परवानगी याच टप्प्यावर पडताळतात; इन्स्टाग्रामवरील व्यावसायिक खात्यांना सर्व गाणी वापरता येत नाहीत. प्रकाशनानंतर कच्चे चित्रण व अक्षरपट्टी नसलेली प्रत जपून ठेवतात.