चादर हिसकावणारा शहा आणि चादर लादणारे मुल्ला

मुस्लिम समाजाच्या सुधारणेचा विषय निघाला की दोनच पर्याय पुढे केले जातात. पाश्चात्त्य व्हा, नाहीतर परंपरेत राहा. आम्हाला ही मांडणीच खोटी वाटते. का, ते इराणच्या इतिहासातून पाहू.

१९०७ साली बीबी खानम अस्तराबादी या बाईंनी तेहरानमध्ये मुलींची शाळा काढली. धर्ममार्तंड चवताळले आणि शाळा बंद पाडली गेली. बाईंनी ती पुन्हा सुरू केली. सावित्रीमाईंचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको. म्हणजे शिक्षणाची भूक इराणी स्त्रीला कोणत्याही राजाने शिकवलेली नव्हती.

१९२५ मध्ये रझा खान शहा झाला. रेल्वे, तेहरान विद्यापीठ, धर्मगुरूंच्या हातून काढून घेतलेली न्यायालये, ही त्याची कामे मोठीच होती. पण त्याची आधुनिकता पोलिसांच्या दंडुक्यातून आली. १९३५ मध्ये युरोपीय हॅटच्या सक्तीविरुद्ध मशहदच्या गोहरशाद मशिदीत जमलेल्या लोकांवर गोळ्या चालवल्या गेल्या. १९३६ मध्ये पडद्यावर बंदी आली. पोलीस भररस्त्यात बायकांच्या अंगावरची चादर ओढू लागले. परिणाम काय झाला? कित्येक जणींनी घराबाहेर पडणेच सोडले. आणि गंमत पाहा, स्त्रीचा पडदा काढणाऱ्या या शहाने तिला मताचा अधिकार मात्र दिला नाही. तो मिळायला १९६३ साल उजाडावे लागले.

पुढे तेलाचे राष्ट्रीयीकरण करणाऱ्या मोसद्देकांचे सरकार अमेरिका आणि ब्रिटनने १९५३ मध्ये उलथवले आणि रझा शहाच्या मुलाची सत्ता भक्कम केली. तेव्हापासून 'पश्चिम' म्हणजे हुकूमशाही, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले. म्हणूनच १९७९ च्या क्रांतीत शिकलेल्या मुलीही निषेध म्हणून चादर पांघरून मोर्चात उतरल्या.

पण सत्ता हाती येताच खोमेनींनी सरकारी कचेऱ्यांत हिजाबचे फर्मान काढले. ८ मार्च १९७९ रोजी हजारो स्त्रिया त्याविरुद्ध तेहरानच्या रस्त्यावर आल्या. सरकारने तेव्हा तात्पुरती माघार घेतली, पण ती टिकली नाही. १९८३ च्या कायद्याने हिजाब न घालणाऱ्या स्त्रीला ७४ फटक्यांपर्यंतची शिक्षा ठरवली. २०२२ मध्ये महसा अमिनी या कुर्द तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला, तो याच सक्तीपायी.

एकाने चादर हिसकावली, दुसऱ्याने लादली. तिला विचारले दोघांनीही नाही. भांडण पश्चिम आणि इस्लाम यांचे दिसते, पण मुळात ते सत्ता आणि माणूस यांचे आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर राजकीय लोकशाही टिकत नाही. शहाने पाया न घालताच इमारत उभी केली, मुल्लांनी ती आयती ताब्यात घेतली.

आपल्याकडेही मुस्लिम मुलीच्या डोक्यावरच्या कापडावरून भांडणारे पुष्कळ आहेत. तिची शाळा, शिष्यवृत्ती, नोकरी यांवर बोलणारे किती? आपण कुणाच्याही फर्मानाच्या बाजूने उभे राहायचे नाही. आपली बाजू त्या मुलीची. तिने काय घालावे हे तिने ठरवावे, आणि ते ठरवण्याची ताकद तिला शिक्षणाने यावी, एवढ्यासाठी आपण लढायचे.

जय भीम!