कुंभाराच्या घरातला राजा

भिंतीवरच्या कॅलेंडरात पाडव्याच्या चौकटीत 'शालिवाहन शके' असे छापलेले असते. खालचा आकडा आपण वाचतो आणि पान उलटतो. पण घरातल्या पोराने विचारले की, "हा शालिवाहन कोण?" तर आपली पंचाईत होते. म्हणून विहाराच्या या वर्धापनदिन स्मरणिकेत त्याचीच हकिकत सांगायची, असे आम्ही ठरवले. हकिकती दोन आहेत. एक दंतकथेतली, दुसरी लेण्यांच्या दगडावर कोरलेली.

आधी दंतकथा. चौदाव्या शतकातील जैन आचार्य जिनप्रभसूरी यांच्या 'विविधतीर्थकल्प' या ग्रंथात ती आली आहे. पैठणला एका कुंभाराच्या घरी दोन परगावचे ब्राह्मण भाऊ आणि त्यांची विधवा बहीण राहत होती. गोदावरीच्या डोहातल्या शेष नागापासून तिला दिवस गेले. भावांनी एकमेकांवर संशय घेतला आणि बहिणीला तशीच टाकून दोघेही निघून गेले. लोकांच्या घरची कामे करून त्या माउलीने पोर वाढवले. ते पोर सवंगड्यांत राजा व्हायचे आणि मातीचे हत्ती-घोडे वाहन म्हणून वाटायचे.

पुढे एका मरत्या म्हाताऱ्याने चार मुलांसाठी चार हंडे पुरून ठेवले. एकात सोने, दुसऱ्यात काळी माती, तिसऱ्यात भूस, चौथ्यात हाडे. मुले भांडू लागली. उज्जैनच्या विक्रम राजालाही निवाडा जमला नाही. तो या कुंभारवाड्यातल्या पोराने दिला. सोनेवाल्याला सोने, मातीवाल्याला शेतजमीन, भूसवाल्याला धान्य आणि हाडेवाल्याला गुरेढोरे! हे कानी पडताच विक्रम फौज घेऊन चालून आला. शेषाने दिलेले अमृत शिंपडताच मातीचे सैन्य जिवंत झाले, विक्रम हरला आणि पोर गादीवर बसले.

कथा गोड आहे, पण इतिहासाच्या काट्यावर तोलली पाहिजे. विक्रम संवत इ. स. पूर्व 57 चा, तर शालिवाहन शक इ. स. 78 चा. मध्ये 135 वर्षे. हे दोघे संवतकर्ते समोरासमोर लढतील कसे? शिवाय हा शक मुळात शकांचा. पश्चिमेकडील क्षत्रप राजे तो वापरत. शालिवाहनाचे नाव त्याला कित्येक शतकांनी चिकटले. हाच शक 22 मार्च 1957 पासून भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेला लावला गेला. म्हणजे शकांना हरवणाऱ्याचे नाव शकांच्याच कालगणनेला!

मग खरे सातवाहन कोण? पैठण ही त्यांची राजधानी. त्यांच्यातल्या गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात नहपानाला हरवले. त्याचा पुरावा 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे सापडला. नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारलेला होता. दंतकथेतल्या पोराला बापाचे नाव नव्हते; इथे खुद्द राजेच आईच्या नावाने ओळखले जात. कोणी गौतमीपुत्र, कोणी वासिष्ठीपुत्र. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्याचे दान गौतमी बलश्रीने भिक्षुसंघाला दिले आणि मुलाची कीर्ती भिंतीवर कोरून घेतली. पण वाचकांपासून लपवाछपवी नको. त्याच लेखात मुलाने चार वर्णांची सरमिसळ थांबवली, अशीही स्तुती आहे. सातवाहन संघाचे दाते होते, म्हणून ते समतेचे राजे होते असे म्हणता येणार नाही.

मग गादी कुंभाराच्या घरी गेली कशी? ती गेली लोकांच्या मनात. आणि त्या काळचे कारागीर खरोखर लहान नव्हते. आपल्या खाडीपलीकडच्या कल्याणच्या सोनाराने कान्हेरीला पाण्याचे टाके दिले, तिथल्याच लोहाराने वाट बांधून दिली. त्यांची नावे आजही दगडावर आहेत. सातवाहनांनंतर आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी एका उपासिकेने नाशिकच्या कारागीर श्रेणींकडे रक्कम ठेव म्हणून ठेवली. त्या श्रेणींत कुंभारांची श्रेणीही असावी, असे अभ्यासक मानतात. ठेवीच्या व्याजातून आजारी भिक्षूंना औषध मिळायचे. कष्टकऱ्यांच्या इमानावर संघाचा दवाखाना चालत होता म्हणा ना!

आता वसईजवळच्या सोपाऱ्याचे पाहा. तिथल्या एका उंचवट्याला गावकरी 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला तेव्हा आत स्तूप निघाला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, भोवती सात बुद्ध आणि मैत्रेय यांच्या लहान मूर्ती, भिक्षापात्राचे तुकडे आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे! गाव बुद्धाला विसरले, सातकर्णीला विसरले. तरी टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला मात्र त्यांनी राजा करून ठेवले.

आमच्या मते या दंतकथांचे मोल इथेच आहे. मातीचे सैन्य जिवंत होत नाही, हे आपल्या लेकरांना सांगावे. पण जे कोडे उज्जैनच्या सिंहासनाला सुटले नाही, ते कुंभाराच्या ओट्यावर सुटले, हेही सांगावे. त्या चार भावांनी पोराचे कूळ विचारले नाही, निवाडा पटला म्हणून मानला. आडनाव ऐकून माणूस जोखायची खोड अजून मोडलेली नाही. आपल्या नाक्यावर, यंत्रमागाच्या खडखडाटात अभ्यास करणाऱ्या पोरापोरींनाही तो प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. त्यांनी नाशिकला, कान्हेरीला एकदा जावे आणि कल्याणच्या त्या लोहाराचे नाव बोटाने चाचपून पाहावे. दोन हजार वर्षांच्या घरात गेलेला तो दगड त्यांच्याशी आपल्याच मुलखातले बोलेल.