बैलगाडी ते १०८ : वाटेवरच्या रुग्णसेवेचा इतिहास

आपली दिंडी निघाली तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होते. वाटेत कुणी माउली खाली बसली की सामानाच्या बैलगाडीत निजवायचं आणि मुक्काम गाठायचा, एवढीच सोय. मोठा आधार जालन्याच्या मिशन दवाखान्याचा. शहागडला गोदावरी ओलांडली की तोही मागं राहायचा. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, सरकारी दवाखाने वाढले. गाडीचा घोर मात्र तसाच राहिला.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. १९९० नंतरच्या एका आषाढीत अंबड सोडल्यावर आपल्या दिंडीतल्या एका आजींच्या छातीत कळ आली. आम्ही दोघे सायकलवर जवळच्या गावी धावलो. रुग्णवाहिका दारातच उभी होती, दात्याचं नाव ठळक रंगवलेलं. पण ड्रायव्हर कुठाय? पगार थकला म्हणून तो दुसऱ्याच्या ट्रकवर गेलेला. आजींना टेम्पोत घातलं. त्या वाटेतच गेल्या.

गाडी एकदा घेतली की झालं, असं आपल्याला वाटतं. सप्ताहात वीणा एकच असते, पण ती आठ दिवस खाली ठेवायची नाही म्हणून पहाऱ्याला किती माणसं लावावी लागतात, ते वारकऱ्याला सांगायला नको. रुग्णवाहिकेचंही तसंच आहे. २०१४ साली राज्यात १०८ सेवा सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्या होत्या. २३३ जास्त यंत्रसामग्रीच्या, ७०४ साध्या. प्रत्येकीत एक चालक आणि एक डॉक्टर. हे डॉक्टर बहुतेक आयुर्वेद किंवा युनानीचे पदवीधर. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या धरल्या तरी रोज ३,७४८ माणसं कामावर हवीत. त्यात सुट्टी नाही, आजारपण नाही, बदली माणूस नाही. फोन पुण्यात औंधच्या केंद्रात लागतो, तिथली माणसं वेगळीच.

रुग्णाकडून पैसा घेत नाहीत. खर्च राष्ट्रीय आरोग्य अभियान आणि राज्य सरकार करते, गाड्या चालवायचं काम ठेक्यानं दिलेलं. चालक, डॉक्टर ठेकेदाराचे नोकर. म्हणजे तिजोरीतला पैसा ठेकेदाराच्या हातून त्यांच्यापर्यंत यायचा, आणि मध्ये कुठं अडला तर पहिली ओढ त्यांच्याच घरात. गरोदर बायांसाठीची १०२ ही निराळी सेवा. लोक दोन्हींत गल्लत करतात.

२०२३ पासून ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ या नावानं सरकार पालखीमार्गांवर दवाखाने लावते. चांगलंच झालं. पण वारी महिन्याभराची. अंबडच्या रस्त्यावर माणूस बारा महिने पडतो.

शताब्दीनिमित्त दिंडीनं स्वतःची रुग्णवाहिका घ्यावी, असा विषय बैठकीत निघाला. वर्गणीही बरी बोलली गेली. तेव्हा आपले जुने विणेकरी बाबा एवढंच म्हणाले, “गाडी घेऊ हो, पण डायवरला आखाडीनंतर पगार कोण देणार?” विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.