पालीच्या पायाचे कोडे

कोयनानगरला पावसाळ्यात दिव्याभोवती किडे जमले, की त्यांच्या मागोमाग भिंतीवर पालही येते. गुळगुळीत छतावरून ती उलटी पळते. पायांना डिंक असावा तशी चिकटते, पण तेच पाय क्षणात सुटतातही. हे तिला कसे जमते?

तिच्या बोटांत चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथी नसतात, त्यामुळे डिंकाची शंका लवकरच फिटली. मग हवेच्या दाबाने पाय चिकटत असावेत, अशी कल्पना पुढे आली. १९३४ मध्ये जर्मनीतील डेलिट यांनी पाल निर्वात जागेत ठेवली, तरी पकड टिकली. क्ष-किरणांनी भोवतालच्या हवेचे आयनीभवन केल्यावरही ती सुटली नाही, म्हणून स्थिरविद्युतही मुख्य कारण वाटेना. १९६५ मध्ये रुईबाल आणि अर्न्स्ट यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पायाखालच्या केसांची शेकडो चपटी टोके दिसली.

२००० साली अमेरिकेत केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी एकाच केसाचे बळ मोजले. टोके जातीच्या पालीच्या एका पायावर असे सुमारे पाच लाख केस असतात. २००२ मध्ये पाणी धरणाऱ्या आणि न धरणाऱ्या अशा दोन्ही पृष्ठांवर पकड सारखीच आढळली. म्हणजे काम होते ते रेणूंमधील व्हॅन डर वाल्स आकर्षणाचे. केसाचा पृष्ठाशी होणारा कोन ३० अंशांच्या आसपास गेला, की तो सुटतो.

हे समजल्यावर नक्कल सुरू झाली. २००३ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम यांच्या गटाने बारीक प्लॅस्टिक केसांची चिकटपट्टी केली. मात्र थोड्याच वापरात तिचे केस एकमेकांना चिकटू लागले. पुढे स्टॅनफर्डमध्ये काचेवर चढणारा यंत्रमानव तयार झाला.

कोयनेच्या रानातील एका छोट्या पालीला २०१९ मध्ये शास्त्रीय नाव मिळाले, तेही कोयनेवरूनच. तिची बोटे घरातल्या पालीसारखी रुंद नाहीत, तरीही ती खडकांवर चढते. निसर्गाने एकाच प्रश्नाची अनेक उत्तरे काढली आहेत, आणि त्यांतली कित्येक आपण अजून वाचलेली नाहीत.

आपल्या घरातली पाल विषारी नाही. तरी दिसताच तिच्यावर झाडू उगारला जातो. वर्गात हे कोडे मांडून पाहा. मुले झाडू ठेवून भिंग मागतील.