पिवळ्या दिव्याची गोष्ट

डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा तो पिवळा दिवा लागला, की आपल्यातले बरेच जण मुकाट्याने गाडी सर्व्हिस सेंटरला नेतात. उरलेले सरळ दुर्लक्ष करतात. दोघांचाही समज एकच असतो, की हे कंपनी आणि तिचा मेकॅनिक यांच्यातलं खाजगी बोलणं आहे. इतिहास बघितला तर गोष्ट नेमकी उलटी निघते.

सुरुवात लॉस एंजेलिसची. १९४० च्या दशकात तिथे डोळे चुरचुरणारं धुरकट धुकं पडायला लागलं. आरी हागेन-स्मिट हा डच केमिस्ट तेव्हा कॅलटेकमध्ये चक्क अननसाच्या स्वादावर काम करत होता. तो या धुक्याच्या मागे लागला आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दाखवून दिलं, की गाड्या आणि रिफायनऱ्यांमधून निघणारे वायू उन्हात एकमेकांत मिसळून हे तयार होतं. पुढे कायदे कडक झाले. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेत बहुतेक नव्या गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला.

पण नवी गाडी टेस्ट पास झाली, पाच वर्षांनी काय? प्रत्येक गाडीमागे इन्स्पेक्टर कुठून आणणार? कॅलिफोर्नियाने उत्तर काढलं: इन्स्पेक्टर गाडीतच बसवा. १९८८ च्या मॉडेलपासून ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, म्हणजे ओबीडी, सक्तीचं झालं. आपल्या धंद्यात सांगायचं तर प्रॉडक्शनमधलं मॉनिटरिंग!

या पहिल्या व्हर्जनमध्ये ज्या त्या कंपनीचा प्लग वेगळा, कोड वेगळे. म्हणून १९९० साली अमेरिकेने स्वच्छ हवेचा कायदा सुधारताना त्यात लिहूनच टाकलं, की प्लग सगळ्यांचा सारखा हवा आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकलाही मिळाली पाहिजे. १९९६ पासून तिथल्या सगळ्या नव्या कारमध्ये १६ पिनांचं एकच सॉकेट आलं. थोडक्यात, दिवा हवेसाठी आला आणि तो वाचायचा हक्क त्याच्याबरोबरच आला.

आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसं कन्व्हर्टरला मारून टाकतं, त्यामुळे शिसेविरहित पेट्रोलही तेव्हाच आलं. देशभर ते पोचायला २००० साल उजाडलं. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ आलं आणि त्या गाड्यांबरोबर ओबीडी. २०१३ मध्ये त्याची पुढची, जास्त कडक पायरी. पण बीएस-४ सुरुवातीला फक्त १३ शहरांत होतं. त्या यादीत पुणे होतं, सोलापूर होतं. जुन्नर आणि आंबेगाव नव्हते. जिल्हा तोच, पण हवेचा कायदा वेगळा! सगळीकडे बीएस-४ लागू झालं ते १ एप्रिल २०१७ ला.

म्हणजे हा दिवा गावाकडे उशिरा पोचला, आणि तो वाचणारा माणूस त्याहून उशिरा. जुन्नरला आमच्या तात्यांच्या गाडीचा दिवा लागला, तर एका गॅरेजवाल्याने बॅटरीची वायर काढून परत लावली. दिवा गेला, दोन दिवसांनी परत हजर. मग सल्ला मिळाला, "पुण्याला न्या, सेन्सर बदलायला लागेल."

मी शनिवारी गेलो तेव्हा ब्लूटूथचं साधं डोंगल घेऊन गेलो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावलं, मोबाइलवर कोड आला: पी ०१४१. पी नंतरचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना समान. अर्थ असा, की कन्व्हर्टरच्या पुढच्या, म्हणजे दुसऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. हा सेन्सर कन्व्हर्टर नीट काम करतोय का यावर नजर ठेवतो. तो साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय धड मोजत नाही, म्हणून त्याला हीटर. इथे एक लक्षात घ्या, कोड सर्किट सांगतो, 'सेन्सर बदला' असं सांगत नाही.

फ्यूज बघितला, ठीक. इंजिन पूर्ण गार झाल्यावर सेन्सरचा कनेक्टर काढून मल्टिमीटरने हीटरच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजला. काही ओहम आला, म्हणजे हीटर शाबूत. मग राहिली गाडीच्या बाजूची वायर. गाडी उभी असायची कांद्याच्या बराखीशेजारी, आणि उंदरांनी आपलं काम केलं होतं. वायर जोडून सोल्डर केली, वर उष्णता सोसणारं स्लीव्ह चढवलं, कोड पुसला. आठवडाभर तात्या मंचरला जाऊन येऊन होते, दिवा काही लागला नाही.

(दिवा लुकलुकत असेल तर मात्र हे प्रयोग नकोत. इंजिन मिसफायर करतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळतंय. गाडी बाजूला घ्या.)

आपल्याकडेही हा हक्काचा वाद झालाच. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २५४४ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू देत नाहीत, हा मुख्य ठपका. प्रकरण पुढे अपिलात गेलं.

पुण्यात आपल्याला चार सर्व्हिस सेंटरं सापडतात. जुन्नरहून पुण्याला जायचं तर दिवस जातो. म्हणून तो समान कोड, ते समान सॉकेट तिथे जास्त मोलाचं. परत येताना डोंगल मी तात्यांकडेच ठेवलं. पुढच्या फोनवर कळलं, की ते सध्या शेजाऱ्यांच्या गाड्यांना लावून बघताहेत :)