उस्मानियाची जुनी इमारत
बिलोली 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होती, त्यामुळे हैदराबादच्या उस्मानिया रुग्णालयाची जुनी इमारत पाडण्याचा वाद आपल्याला परका नाही. 1908 च्या महापुरात मुसी नदीने हैदराबाद शहराची वाताहत केली. अफझलगंज रुग्णालयाच्या आवारातल्या चिंचेवर चढून सुमारे 150 माणसं वाचली, असं सांगतात. ते झाड अजून उभं आहे. पुढे त्याच आवारात व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्यानुसार उस्मानियाची ही घुमटांची भव्य इमारत उभी राहिली. 2015 मध्ये तेलंगण सरकारने ती पाडायचं ठरवलं, तेव्हा इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेसह वारसाप्रेमी विरोधात उभे ठाकले.

पाडू पाहणाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता: छताचे पोपडे पडत होते, जुलै 2020 च्या पावसात तर वॉर्डांत पाणी शिरलं. पण पाणी शिरतं ते तुंबलेल्या गटारांमुळे, चुन्याच्या भिंतींमुळे नव्हे. आणि गळकं छत हा डागडुजी टाळल्याचा पुरावा, इमारत निकामी झाल्याचा नव्हे. ‘माणूस मोठा की भिंती?’ हा सवाल तर मुळातच फसवा. नव्या खाटांसाठी जुन्याच वास्तूवर हातोडा चालवायला हवा, असं कुठे आहे? शेवटी जानेवारी 2025 मध्ये शहरातल्याच गोशामहल भागात नव्या रुग्णालयाची पायाभरणी झाली. तिथल्या काही रहिवाशांनी त्यालाही विरोध केलाच. म्हणजे हा तोडगाही फुकटात निघालेला नाही.